तबीथा सिस्टरचे ईशज्ञान

चैत्राचे ऊन मुळेच्या वाळवंटावर उतरले होते. शुभ्र ऊन, निश्चल ऊन, निष्ठुर ऊन. नदी आटून एका रुपेरी धारेएवढी उरली होती. काठावरचे निंब मात्र मोहरले होते, आणि त्या कडू झाडांचा मधुगंधी मोहोर वाऱ्याच्या झुळकेसरशी आंबेगव्हाणच्या दगडी ख्रिस्तमंदिराच्या पायऱ्यांवर झडत होता.

पायऱ्यांपाशी एक पेटी ठेवली होती. इतकी लहान, की एकट्या माणसाने दोन्ही हातांवर उचलावी. तीत लीलावती साळवेची चार वर्षांची लेक निजली होती. घटसर्पाने तिचा गळा आवळला होता. तीन दिवसांत हसरे, बोलके, धावते लेकरू मेणासारखे पांढरे होऊन गेले होते.

लीला चोवीस वर्षांची. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. जमलेल्या मंडळीकडे पाहून तिने एकच शब्द विचारला. "का?"

उपासना चालवणारे पाळकसाहेब तालुक्याला राहत, महिन्यातून एकदा येत. म्हणून उत्तर द्यायला उभे राहिले ते मंडळीतले वडीलधारे कारभारी, योहान घाटविसावे. माणूस कष्टाळू, सरळ, भक्तिमान. पण त्या एका शब्दाने तेही आतून हादरले होते. आणि हादरलेला माणूस हाताशी येईल ते वाक्य उचलतो.

"लीला, देवाच्या दारी उगाच काही घडत नाही," ते सर्वांसमोर म्हणाले. "तुझ्या विश्वासात कुठंतरी उणं राहिलं असणार. पश्चात्ताप कर."

मोहोर झडत राहिला. कुणी काही बोलले नाही.

त्या न बोलणाऱ्यांत तबीथा होती, योहानांची धाकटी बहीण. तीस वर्षांची, मिशनच्या दवाखान्यातली परिचारिका. त्या लेकराचे डोके आपल्या मांडीवर घेऊन ती तीन दिवस बसली होती. त्याच्या कोंडलेल्या श्वासांचा शेवटचा हेलकावा तिने आपल्या तळहाताखाली अनुभवला होता. दादा बोलले ते खोटे आहे, हे तिला कळले. जसे हाताला आग कळते, तसे कळले. पण ते खोटे का, हे सांगायला तिच्यापाशी शब्द नव्हते. ती गप्प राहिली.

लीला त्या दिवशी पायऱ्या उतरली, ती पुन्हा चढली नाही.

*

वर्षे गेली. पांढऱ्या साडीतली, पांढऱ्या टोपीतली, पहाटेच्या चांदणीसारखी जागी असलेली वर्षे. तबीथा सिस्टरने शेकडो नाळा कापल्या, शेकडो पापण्या मिटल्या. पू धुतला, रक्त पुसले, तापाने फणफणलेल्या कपाळांवर ओल्या घड्या ठेवल्या. मरणाच्या दारातला मनुष्य कोणत्याही धर्माचा असो, तो एकच शब्द विचारतो, हे तिला पाठ झाले. आणि दर वेळी कुणीतरी नातलग, कुणीतरी शहाणा, त्या शब्दावर एखादे तयार वाक्य ठेवून द्यायचा. जखम न धुताच पट्टी बांधावी तसे.

दर वेळी तिला लीलाचे कोरडे डोळे दिसत.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ती सेवानिवृत्त झाली. दवाखान्याने शाल घातली, श्रीफळ दिले. दुसऱ्या आठवड्यात तिने शहरातल्या ईशज्ञानाच्या महाविद्यालयात अर्ज केला. देवाविषयी जे बोलले जाते त्याचा अर्थ लावणारे, ते तपासणारे शास्त्र, ते ईशज्ञान. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, वसतिगृहात राहणे, हिब्रू आणि ग्रीक भाषा.

योहानदादा तेव्हा सत्तरीला टेकले होते. त्यांनी काठी जमिनीवर आपटली नाही, आवाजही चढवला नाही, फक्त विचारले, "तबी, आता भजनं म्हणावीत, लेकरांना गोष्टी सांगाव्यात. हे कशाला?"

"एका प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं, दादा. ते शोधायला."

"कोणाच्या?"

तिने नाव सांगितले नाही. अजून शब्द आले नव्हते.

*

विशी-बाविशीतल्या मुलामुलींत ही चंदेरी केसांची विद्यार्थिनी पहिल्या बाकावर बसे. हिब्रूची अक्षरे उजवीकडून डावीकडे चालत. तिच्या डोळ्यांना ती मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत. पहिल्याच तासाला वृद्ध प्राध्यापकांनी वर्गाला विचारले, "ईशज्ञान कशासाठी?" कुणी म्हणाले धर्माच्या रक्षणासाठी, कुणी म्हणाले सुवार्तेच्या प्रसारासाठी. सिस्टर उठून म्हणाल्या, "मला माहीत नाही, सर. तेच विचारायला आले आहे."

मुले हसली. सर हसले नाहीत.

त्रैक्य, कृपा, तारण, पुनरुत्थान: कसे भारदस्त, सुवर्णजडित शब्द. पहिले वर्षभर ती त्यांच्यापुढे राजवाड्याबाहेर उभ्या राहिलेल्या खेडवळ बाईसारखी उभी होती. दारे उंच होती, कड्या जड होत्या. कित्येकदा वाटले, परत जावे.

मग दुसऱ्या वर्षी, माघातल्या एका सकाळी, सर देहधारणेवर बोलू लागले. अनंताने देह घेतला. आकाशात न मावणारा तो एका मुलीच्या उदरात मावला. त्याला भूक लागली, तहान लागली, काटा रुतला, घाम आला.

बाकीचे लिहून घेत होते. सिस्टरची लेखणी थांबली.

कारण देह तिला ठाऊक होता. पुस्तकातल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होता. त्याची धग, त्याचा दर्प, त्याची कळ, त्याचे थरथरणे, त्याचे निवत जाणे. अडतीस वर्षे तिने दुसरे काय वाचले होते? देवाने जर हेच घेतले असेल, ही त्वचा, हा श्वास, हा दुखरा गळा, तर तो रोग्याला शिक्षा देत खाटेच्या पायथ्याशी उभा नसतो. तो खाटेवर असतो. तापात असतो. मिटत चाललेल्या श्वासाच्या आत असतो.

आणि वधस्तंभावर? तिथे तर त्यानेच आपल्या पित्याला 'का' विचारले होते. मनुष्याचा सगळ्यात जुना, सगळ्यात रक्तबंबाळ शब्द त्याने स्वतःच्या ओठांवर घेतला होता. मग तो शब्द विचारणे हे विश्वासातले उणेपण कसे असेल?

खिडकीतून ऊन आले, तिच्या कोऱ्या पानावर पसरले. त्या दिवशी ती उंच दारे आतून उघडली, आणि ती खेडवळ बाई ताठ मानेने राजवाड्यात शिरली, कारण ते तिचेच घर होते.

*

पदवीदानाला योहानदादा आले. नवा केशरी फेटा बांधून, दोन एसट्या बदलून आले. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी काळ्या झग्यात मंचावर चढणाऱ्या बहिणीचे नाव पुकारले गेले, तेव्हा त्यांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या, की पुढच्या रांगा वळून पाहू लागल्या. "माझी बहीण आहे," ते शेजाऱ्याला म्हणाले. मग त्याच्या पलीकडच्यालाही म्हणाले.

गावी परतताच त्यांनी मंडळीत ठरवून टाकले: नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या पहिल्या रविवारी उपदेश तबी करणार. त्या मंदिराच्या व्यासपीठावर त्याआधी कोणतीही स्त्री उभी राहिली नव्हती.

रविवारला चार दिवस होते. सिस्टर नदी ओलांडून पलीकडच्या वाडीत गेल्या. लीलावती आता पंचावन्नची, ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तिने बसायला पोते टाकले, पाणी दिले.

"सिस्टर, इतक्या वर्षांनी? शहरात शिकायला गेला होतात, ऐकलं."

"एक सांगायचं राहिलं होतं, लीला. त्या दिवशी तुला जे बोललं गेलं, ते खोटं होतं. मला तेव्हाच कळलं होतं. सांगता येत नव्हतं."

शेंग फुटण्याचा आवाज थांबला. "मग खरं काय?"

"ती का गेली, ते मला आजही माहीत नाही. कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नको. पण देवानं तुला शिक्षा केली नाही. ज्यानं आपल्यासारखं अंग घेतलं, त्याला गळा आवळणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. तो तुझ्या पोरीच्या श्वासाशी होता. तुझ्यावर उठलेला नव्हता."

लीलाने हातातली फुटकी शेंग खाली ठेवली.

"एवढं कळायला तुम्हाला तीन वर्षं लागली?"

"एकतीस लागली."

"मग ते तिथं बोला," लीला म्हणाली. तिचा आवाज शांत होता, धारदार होता. "इथं माझ्या ओट्यावर सांगून काय उपयोग? मला चारचौघांत बोललं होतं."

*

मार्गशीर्षाची कोवळी, केतकीवर्णी सकाळ. काळ्या रानांतून ज्वारी निसवली होती, मोत्यांच्या तुऱ्यांनी दिशा जड झाल्या होत्या. मंदिर भरले होते. पुढच्या सतरंजीवर केशरी फेटा होता, आणि त्या फेट्याखालच्या चेहऱ्यावर न मावणारा अभिमान होता. त्या चेहऱ्याकडे सिस्टरने पाहिले. याच माणसाने हाताला धरून आपल्याला शाळेत नेले होते. हाच माणूस दोन एसट्या बदलून आला होता.

दाराशी, उंबऱ्याच्या बाहेर, लीला उभी होती.

सिस्टर बोलू लागल्या. मृत मित्राच्या कबरेपाशी प्रभू गेला तेव्हाची गोष्ट त्यांनी सांगितली. "त्या मित्राच्या बहिणी रडत होत्या. तुमचा विश्वास कमी पडला, असं प्रभू म्हणाला नाही. तो रडला. देवाविषयी बोलायचं शास्त्र मी तीन वर्षं शिकले, ते याच्यासाठी: रडणाऱ्याशेजारी देव रडत असताना आपण त्याच्या नावानं भलतंच काही बोलू नये."

सिस्टरने दाराकडे पाहिले.

"एकतीस वर्षांपूर्वी या पायऱ्यांवर एका आईला, पोर गेली ती तुझ्या उणेपणामुळे, असं सांगितलं गेलं. ते खरं नव्हतं. ज्यांनी सांगितलं ते माझे दादा. त्यांनी मला लहानाचं मोठं केलं. आणि मी इथंच उभी होते, मला कळत होतं, मी गप्प राहिले. लीला, दोघांच्या वतीनं नाही, माझ्या वतीनं क्षमा मागते. त्यांचं ते बोलतील."

केशरी फेटा खाली झुकला. मग योहानदादा काठी टेकत उठले. दोन्ही बाजूंच्या माणसांनी हात पुढे केले. ते त्यांनी घेतले नाहीत. एकेक पाऊल टाकत ते दारापर्यंत गेले, उंबऱ्याच्या आत थांबले. दोन्ही हातांनी त्यांनी फेटा उतरवला. सत्तरी ओलांडलेले, विरळ पांढऱ्या केसांचे मस्तक उन्हात उघडे पडले.

"पोरीचं नाव काय होतं, लीला? मी विसरलो. मला विसरायला नको होतं."

लीलाचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "करुणा."

"करुणा," म्हातारा म्हणाला. मग मंडळीकडे वळून, मंदिराच्या शेवटच्या भिंतीपर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "करुणा. मी चुकीचं बोललो होतो. माझी बहीण म्हणते ते खरं आहे."

लीलाच्या कोरड्या डोळ्यांतून पाणी आले. तिने ते पुसले नाही. ती आत आली नाही, आणि तिला कुणी या म्हटले नाही. पण बायकांच्या सतरंजीवरच्या दोघीतिघी सरकून बसल्या, आणि एक जागा रिकामी राहिली.

उपासना संपल्यावर दोघी नदीकडे निघाल्या. सिस्टर लीलाला पोचवायला निघाल्या होत्या. पात्राच्या मध्यावर गुडघ्याएवढे पाणी होते, तळाचा खडा न् खडा दाखवणारे निर्मळ पाणी. लीलाने ओचा खोचला, हात पुढे केला. सिस्टरने तो धरला. आणि मग भर दुपारी, भर नदीत, दोन म्हाताऱ्या बायका ताठ मानेने चालत राहिल्या. पाणी त्यांच्या पायांना भिडत राहिले, दुभंगत राहिले, झळाळत राहिले, आणि त्यांच्या मागे पुन्हा एक होऊन, शांतपणे, वाहत राहिले.