अकरावा हूक

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे, पण मला बिचारी म्हणू नका. बिचारेपणाचा मला राग येतो. सेंट ऑरेल बेटाच्या संसदेत, कायदे तपासणी समितीच्या खोलीत, मी अठरा वर्षे भिंतीवर होते. माझ्या अंगावर वरपासून खालपर्यंत बारा पितळी हूक आहेत. केलेला कायदा पुढे लोकांच्या उपयोगी पडतो की त्यांना जाचतो, हे बघणे हे त्या समितीचे काम. कोणता कायदा आधी बघायचा आणि कोणता नंतर, ते माझ्यावर दिसायचे. कायद्याचे नाव कार्डावर लिहायचे आणि हुकाला अडकवायचे. वरचे कार्ड आधी, खालचे नंतर. इतकी साधी गोष्ट, पण या शहाण्यांच्या हाती पडली आणि तिचे मातेरे झाले.

माझा जन्म समोरच्या काब्री बेटावरचा. अनातोल लाबोर्ड नावाच्या होड्या बांधणाऱ्या सुताराने एका मोडीत निघालेल्या होडीतून मला कापून काढले. आठ दिवस रंधा मारला, तेल पाजले, हूक बसवले. संसदेत मला ठोकताना तो समितीच्या अध्यक्षांना म्हणाला, "साहेब, शेवटचा हूक मुद्दाम कमरेच्या उंचीवर ठेवलाय. वाकावं लागणार नाही तुम्हाला."

अध्यक्ष बाझिल दुप्रे खूश झाले. त्यांना वाकायची सवय नव्हतीच. खाली बघायचीही नव्हती, हे मला मागाहून कळले.

माझे कौतुक मात्र पुष्कळ झाले. दुसऱ्या बेटांवरचे खासदार यायचे, माझ्यासमोर उभे राहून फोटो काढायचे. मग दुप्रे पोटावर हात ठेवून सांगायचे, "आमच्याकडे वशिला चालत नाही. आम्ही गुण देतो, गुण!" गुण तीन गोष्टींना मिळत. निकड किती आहे, सुट्टीच्या आत अहवाल हातावेगळा होईल का, आणि लोकांची पत्रे किती आली. निकडीचे गुण देताना सदस्य घड्याळाकडे बघत. सोप्या कामाला भरभरून गुण देत. पत्रांचे गुण सगळ्यांत जास्त, कारण पत्रे नुसती मोजायची असतात, वाचायची नसतात. पहिल्याच वर्षी मला या कारभाराची शिसारी आली.

मग माझे सतरावे वर्ष उजाडले. काब्रीला एकच फेरीबोट होती. नव्या कायद्याप्रमाणे दर सहा महिन्यांनी सरकारी तपासनीसाने सही केल्याशिवाय ती सोडता येत नव्हती. तपासनीस सबंध देशात एक, आणि त्यालाच बोट लागायची. समुद्रावर पाऊल टाकले की ओकारी! मग तो काब्रीला जाईचना, आणि धडधाकट बोट धक्क्याला बांधून पडली. इकडे अनातोलची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करून घ्यायला त्याला राजधानीच्या इस्पितळात यावे लागे. तो कोळ्यांच्या उघड्या होडीतून येई. समुद्र खवळला की तेही बंद. गावातल्या यंत्रज्ञाची सही चालेल, एवढे समितीने सुचवले असते तरी बोट सुटली असती.

समितीच्या कारकून युलाली फेलिसियन यांनी त्या कायद्याचे कार्ड सुवाच्य अक्षरात लिहून आणले.

"काब्रीहून पत्रं किती?" दुप्रेंनी विचारले.

"एकही नाही, साहेब."

"बघा! तिथल्या लोकांनाच काही पडलेली नाही."

"साहेब, टपाल फेरीबोटीनंच येतं. आणि बोटच बंद आहे."

"म्हणून मी नियम मोडू? शून्य म्हणजे शून्य, युलाली."

कार्ड अकराव्या हुकाला गेले. पहिल्या हुकाला घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाचा कायदा लागला. सावलीतल्या खुर्च्यांवर कोणी बसायचे, हा त्यातला ज्वलंत प्रश्न. त्यावर दोनशे बारा पत्रे आली होती, आणि त्यातली निम्मी एकाच हस्ताक्षरातली.

दोन दिवसांनी अनातोलची बायको क्लोतिल्द मेणकापडात गुंडाळलेले पोते घेऊन आली. पोत्यात काब्रीच्या घराघरातले एकेक पत्र होते. युलाली तिला तांत म्हणायच्या, म्हणजे मावशी. "तांत, आधी बसा, पाणी प्या," त्या म्हणाल्या. तांत बसली नाही.

दुप्रे म्हणाले, "पत्रांची मुदत शुक्रवारी संपली, बाई."

"शुक्रवारी छपराएवढ्या लाटा होत्या. यायचं होतंत बघायला."

"पुढच्या वर्षी जरा आधी पाठवा."

"आणि तोवर नवऱ्याला काय माशासारखा खारवून ठेवू?"

युलालींना हसूही आले आणि डोळेही भरून आले. दुप्रे कागद चाळत म्हणाले, "वेळ उरला तर अकराव्याकडे वळूच."

वेळ कसला उरतो! सावलीतल्या खुर्च्यांनी पाच महिने खाल्ले. समितीने मैदानाला तीन भेटी दिल्या, आणि तिन्ही वेळा जेवूनच परतली. डिसेंबरात वारा सुटला आणि सहा दिवस एकही होडी निघाली नाही. अनातोलच्या दोन पाळ्या चुकल्या. सातव्या दिवशी समुद्र निवळला, पण अनातोल त्या पहाटेच गेला होता. मला फार वाईट वाटले. मी लाकूड असून मला वाटले. त्या खोलीत तसे वाटणारे युलालींखेरीज दुसरे कोणी नव्हते.

दुप्रेंनी सांत्वनाचे पत्र तेवढे तत्परतेने कोळ्यांच्या होडीतून धाडले. 'आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. फेरीबोटीचा विषय आमच्या प्राधान्यक्रमात आहे.'

जानेवारीत तेच पत्र घेऊन तांत भर बैठकीत शिरली. तिने मैदानाचे कार्ड काढून दुप्रेंच्या पुढ्यात ठेवले आणि पहिल्या हुकाला ते पत्र अडकवले. तिचा तळवा क्षणभर माझ्यावर टेकला.

"ही फळी माझ्या माणसाच्या हातची आहे," ती म्हणाली. "वरचं आधी वाचता ना तुम्ही? मग वाचा."

कोणी वाचले नाही. ती गेल्यावर दुप्रे घसा खाकरून म्हणाले, "युलाली, ते काढा. त्याला नोंदणी क्रमांक नाही."

पुढच्या वर्षी खोलीत यादी दाखवणारा मोठा विजेचा पडदा आला आणि माझी रवानगी चहाच्या खोलीत झाली. आता माझ्या हुकांवर ओली फडकी वाळतात. अकराव्यावरचे कार्ड काढायचेही कोणाच्या लक्षात आले नाही. फडक्याच्या पाण्याने त्याची शाई फुटली आहे, तरी 'काब्री' एवढे अजून वाचता येते.

मित्रांनो, मला पुसू नका, तेल लावू नका, असल्या लाडांचे मला काही वाटत नाही. उद्या तुमच्यातलेही कोणी खुर्चीत बसेल आणि समोर यादी येईल. ती खालून वाचा. ज्या नावापुढे शून्य असेल, तिथल्या लोकांना तुमच्यापर्यंत यायला वाट होती का, हे आधी विचारा. तेवढेही होणार नसेल, तर खुर्चीत बसू नका.

काब्रीची बोट अजून धक्क्यालाच बांधलेली आहे.