निळ्या झाकणाखालचा काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. गुलाबाचा नाही की बाभळीचा नाही, विषाणूच्या अंगावरचा. दचकू नका हं. ज्या विषाणूचा मी काटा, त्याचं तोंडसुद्धा मी पाहिलेलं नाही. प्रयोगशाळेतल्या ताईने माझी कृती तेवढी पेशींना शिकवली आणि गुलाबी पाण्यात डुलत डुलत पेशींनी मला घडवलं. म्हणून मी दिसतो हुबेहूब, पण कुणाला साधी शिंकही आणू शकत नाही.

माझं काम ओळख पटवण्याचं. मला प्लेटच्या इवल्या खळग्यांत चिकटवतात आणि वर रक्तातलं पाणी घालतात. त्यात विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं असली, की ती मला घट्ट धरतात आणि शेवटी खळगा पिवळा होतो. ताईला पाहायचं होतं, दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या बाळांना आईकडून ही प्रतिपिंडं मिळतात का. टाचेतून घेतलेलं थेंबभर रक्त, जेमतेम दोन चाचण्यांना पुरेल एवढं.

मी तयार झालो त्या दिवशी तिथले जुने सहायक काका म्हणाले, "याचे छोटे वाटे कर. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नये."

"काका, चाळीस ट्यूबांवर नावं कोण लिहीत बसणार?"

"ज्याला पदवी हवी आहे तो."

ताई हसली आणि तिने मला एकाच मोठ्या ट्यूबमध्ये भरलं. काकांनी वाद घातला नाही. तिला विचारून त्यांनी माझा थोडा भाग पाच छोट्या ट्यूबांत घातला, निळी झाकणं लावली आणि फ्रीझरच्या मागच्या खणात सरकवला. त्यातल्या पाचव्या ट्यूबमध्ये मी आहे.

मोठ्या ट्यूबचं सुरुवातीला काय कौतुक! पण दर सोमवारी चाचणीसाठी ती वितळायची, पुन्हा गोठायची. आमची सगळी किंमत आमच्या अंगाच्या घडीत असते, मित्रांनो; त्या आकारावरूनच प्रतिपिंडं आम्हाला ओळखतात. तिथल्या माझ्या भावंडांची घडी हळूहळू विस्कटली. बाहेरून पाणी मात्र तसंच नितळ.

मग बाळांची पाळी आली. सगळे खळगे पांढरेफटक.

"म्हणजे बाळांना आईचं काहीच पोचत नाही," ताई पुटपुटली. दवाखान्याला कळवायचं पत्रही तिने लिहायला घेतलं.

काकांनी प्लेट उजेडात धरली. "आणि ही खालची ओळ कुणाची?"

"आयांची. त्या सगळ्या या आजारातून उठलेल्या..." ताई थांबली. ती ओळही पांढरीच होती. "काका, मीच वाट लावली."

"लावलीस खरी. आता रडायचं ते बर्फ आणल्यावर रड."

त्यांनी पहिली निळी ट्यूब काढली. ताईने ती बर्फात बसवून, श्वास रोखून वितळवली. संध्याकाळी आयांची ओळ पिवळीधमक झाली. बाळांचे खळगे एकेक करत उजळले. सगळ्यात लहान बाळाचा, दोन तळहातांत मावणाऱ्या जिवाचा, खळगा अगदी फिकट होता. पण पिवळा होता. ताईने तो तीनदा पाहिला आणि मग नाक ओढत पत्र फाडलं.

आता माझी चारही भावंडं कामी आली आहेत. मी एकटा उरलोय, पण वाईट वाटत नाही. मित्रांनो, नाजूक गोष्टी आतून विस्कटतात तेव्हा आवाज होत नाही, म्हणून त्यांना आधीपासूनच जपा. ताई जपते. माझ्या झाकणावर तिने बारीक अक्षरात तारीख लिहिली आहे आणि खाली एकच शब्द: एकदाच.