पाणकावळ्याचा खडक

शेवाळाच्या ढिगावर मधोमध ठेवलेलं अंडं शिजल्याशिवाय ताडपत्री उचलायची नाही, हा व्हर्नाच्या घरचा नियम. खाली तापलेले दगड, त्यावर ओलं शेवाळ, त्यात शेवंडी, तिसऱ्यांचे शिंपले आणि मक्याची कणसं. खारट वाफेचा वास बेटभर पसरला होता. तिची सून थिआ मात्र सारखी मागच्या वाटेकडे बघत होती.

ओहोटीला उघडी पडणारी ती गोट्यांची वाट, एवढाच किनाऱ्यावर जायचा रस्ता. पलीकडे खडकांच्या वर गाडी उभी होती. गेल्या आठवड्यात ओपलला, थिआच्या तान्ह्या लेकीला, धाप लागली होती, भुंकल्यासारखा खोकला. पुन्हा तसं झालं तर तडक दवाखान्यात आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. इथे फोनला रेंज नव्हती. सकाळपासून थिआचा हात पोरीच्या छातीवरून हलला नव्हता.

"वाट अरुंद झाल्यासारखी वाटतेय," ती नवऱ्याला म्हणाली.

आल्डनने मान वळवून बेटाच्या काठावरच्या खडकाकडे पाहिलं. "खडक कोरडाय की अजून."

"वहिनीला भरतीवर पहारेकरी नेमा," धाकटा दीर रॉइस म्हणाला. "पगारही सुरू होईल."

"हस तू. मा, मी आणि ओपल पुढे होऊ का? तुम्ही सावकाश जेवून या."

"उपाशी?" व्हर्ना लोणी ढवळत म्हणाली. "अगं, पाणकावळ्याच्या खडकाचा पाय भिजला की उठायचं. आल्डनचे वडील जन्मभर तेवढंच बघत आले. कधी बूट भिजला नाही त्यांचा." मग आवाज उतरला. "अंडं होऊ दे. ते गेल्यावर पहिल्यांदाच आलोय आपण."

सासरे हिवाळ्यातच गेले, मोठ्या वादळाच्या पाठोपाठ. अंथरुणावरून उठलेच नाहीत. थिआ पुन्हा वाटेकडे बघू लागली.

वाटेच्या मधोमध एक पांढरा पक्षी चालत होता. थोड्या वेळाने पाहिलं, तर तो पोहत होता.

तिने ओपलला छातीशी बांधलं आणि कुणाला न सांगता निघाली. पहिल्या पावलाला घोटा, पुढे गुडघा. बर्फासारखं पाणी बाजूने ओढत होतं, पायाखालचे गोटे घरंगळत होते. गाडीची काच लखलखत होती, अगदी समोर.

"थिआ, फिर माघारी!" आल्डन धावत आला, तिचा दंड धरला.

पुढे जाणं म्हणजे पोरीला पाण्यात घालणं. ती फिरली.

बेटावर सगळे उठून उभे राहिले होते. खडक अजून कोरडाच होता. व्हर्ना त्याच्यापाशी गेली, वाकली. भरतीच्या रेषेवर चिकटणाऱ्या कालवांचा पट्टा नेहमी खडकाच्या बुडाशी असायचा. आज तो वर होता, वाळून पांढरा पडलेला.

"उलटलाय हा," ती हळू म्हणाली. "वादळाने वर लोटलाय, पाणी इथवर उशिरा पोचतं. त्यांना कळलंच नाही." तिने त्या पट्ट्यावरून हात फिरवला. "आणि मी बघितलं नाही."

आता रात्र पडेपर्यंत वाट उघडणार नव्हती.

व्हर्नाने अंडं फोडलं. घट्ट शिजलं होतं. ते दरवर्षी घरातल्या थोरल्या माणसाचं. तिने ते सोलून थिआच्या हातात ठेवलं.

"यापुढे कधी उठायचं, ते तू सांगायचं. दरवर्षी."

रॉइसनेही टोपी काढून मान डोलावली. कुणी थट्टा केली नाही. थिआच्या तळव्यात अंडं चटका देत होतं आणि ते खाली ठेवायची सोय नव्हती. दरवर्षी. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यातही इथेच, त्याच्या पुढच्याही. सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसणार. मघाशी निदान एकटीला निघता तरी आलं होतं.

आल्डनने शेवंडीचा गर काढून तिच्या ताटलीत घातला. तिने खाल्ला. चव लागली नाही.

ओपल झोपेत खोकली. सगळ्यांचे हात थांबले. थिआने कान तिच्या छातीला लावला.

साधाच खोकला होता. बाकीचे जेवू लागले. थिआने कान उचलला नाही; तशीच, आडव्या नजरेने, ती गाडीपर्यंत पसरलेलं पाणी बघत राहिली.