दहा मिनिटांचे इंजिन

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे आणि माझ्याकडे फक्त दहा मिनिटे आहेत. त्यातले अर्धे मिनिट खोकण्यात गेले. महिनाभर गप्प बसल्यावर आवाज लागायला वेळ लागतो, समजून घ्या.

मिनिट पहिले

मी एका पिकअप गाडीत राहतो, मागच्या हौद्याच्या खाली. गाडी विजेवर चालते. चाके फिरवते मोटर, मोटरला वीज देते बॅटरी. मग माझे काम काय? बॅटरी संपत आली की मी पेट्रोल पिऊन वीज तयार करायची आणि तिच्या हवाली करायची, एवढेच. चाकांशी माझी नुसती तोंडओळख आहे.

वय आठ वर्षे. कामाचे एकूण तास एकतीस. इतके जुने आणि इतके कोरे इंजिन तुम्ही पाहिले नसेल.

मिनिट दुसरे

कारखान्यात एका तपासनिसाने मला वीस मिनिटे चालवले, कान देऊन ऐकले, "झकास" म्हटले आणि तो पुढच्या इंजिनाकडे वळला. माझी पहिली शाबासकी. दुसरी मिळायला तीन वर्षे लागली.

मला घरी आणले मधवाल्या मावशींनी. त्या मधमाश्या पाळतात आणि जिथे फुले असतील तिथे पेट्या नेऊन ठेवतात. सगळे त्यांना मावशी म्हणतात. फक्त त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, त्यांना चिमी म्हणतात. दादांनी तीस वर्षे डिझेलचा ट्रक चालवला आहे.

"विजेची गाडी? चढावर संपली तर ढकलायला तुझ्या माश्या उतरणार का?" दादांनी विचारले होते.

"आणि तुझ्या डिझेलच्या खडखडाटानं त्या खवळतात, त्याचं काय?"

दोघांचेही खरे होते. म्हणून पोटात छोटे इंजिन असलेली विजेची गाडी आली. मी त्या भांडणातून जन्मलेली तडजोड आहे.

मिनिट तिसरे

गाडीचे नाव 'गुपचूप' पडले. संध्याकाळी दारात प्लगला लावायची, सकाळी आवाज न करता निघायचे. बंद पेटीतल्या माश्यांना आपण प्रवास करतोय याचा पत्ताही लागत नसे. मध काढायचे यंत्रसुद्धा मावशी गाडीच्याच विजेवर चालवत.

माझ्या वाट्याची कटकटही सांगतो. माझ्यामुळे हौद्यात दोन पेट्या कमी बसतात. बॅटरीला ऑइल लागत नाही, मला लागते. शिवाय फिल्टर, प्लग, टाकी. "एका घरात दोन स्वयंपाकघरं," असे दादा म्हणत.

पहिल्याच वर्षी एकदा बॅटरी उतरली आणि मला बोलावणे आले. मी इतक्या आनंदाने थरथरलो की वरच्या पेट्याही थरथरल्या. मुक्कामी दार उघडताच माश्यांनी मावशींना सात ठिकाणी डंख मारले.

"हे भूत पुन्हा सुरू करायचं नाही," सुजलेल्या ओठांनी मावशी म्हणाल्या.

मिनिट चौथे

त्या दिवसापासून शेडच्या दारावर खडूच्या रेघा सुरू झाल्या. पेट्रोलशिवाय गेलेल्या प्रत्येक दिवसाची एक रेघ. शंभर झाल्या तेव्हा मावशींनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवल्या.

गाडी बिचारी दर महिन्याला पडद्यावर विचारी: 'इंजिन दहा मिनिटे चालवू का?' खाली दोन चौकोन, 'हो' आणि 'नंतर'. मावशी 'नंतर' दाबत. 'हो' म्हटले तर रेघांची मोजणी परत पहिल्यापासून!

मी टाकीतले पेट्रोल उशाशी घेऊन पडून राहिलो. पेट्रोल शिळे होते, मित्रांनो. दुधासारखे दोन दिवसांत नाही, पण होते.

मिनिट पाचवे

दादा चहाचा कप घेऊन शेजारी उभे आहेत आणि घड्याळ बघताहेत. घाई करतो.

तो चारशे तेरावा दिवस होता. चोवीस पेट्यांच्या दारांना जाळ्या लावून मावशी आणि दादा पहाटे निघाले. चढावरच्या फळबागेत फुलोरा आला होता. वाटेत पुलाची दुरुस्ती, म्हणून लांबचा वळसा. समोरून वारा. ठरलेल्या चार्जिंगच्या ठिकाणी पोहोचलो, तर तिथे पाटी: 'बंद आहे'. बॅटरी सात टक्के. बाग बत्तीस किलोमीटर. सव्वानऊ वाजलेले.

बंद पेटी उन्हात तापली की आतले मेण मऊ पडते आणि माश्या गुदमरतात. चौदा वर्षांपूर्वी पाण्याच्या मीटरच्या डब्यात सापडलेल्या एका पोळ्यापासून मावशींनी या चोवीस पेट्या वाढवल्या होत्या. त्या सगळ्या माझ्या डोक्यावर होत्या.

"इथेच उघडूया का?" दादा म्हणाले.

"आणि उडाल्या की परत गाडीत कोण बोलावणार? तू?"

"मग दाब बटण. मोड विक्रम."

"विक्रम गेला चुलीत," म्हणत मावशींनी बटण दाबले.

मी खोकलो. पुन्हा खोकलो. आणि गप्प झालो.

मिनिट सहावे

मावशींनी गाडीच्या मेस्त्रींना फोन लावला.

"टाकीतलं पेट्रोल कधीचं आहे?"

"गेल्याच्या गेल्या फुलोऱ्यातलं."

"मावशी, त्याचा काढा झाला असेल! सगळं काढा, ताजं घाला, प्लग घासा. दर महिन्याला चालवा म्हणून सांगितलं होतं ना मी?"

मावशींनी फोन ठेवला. त्यांनी पोती भिजवली आणि पेट्यांवर पसरली. दादांनी माझी टाकी मधाच्या रिकाम्या डब्यात उपसली. मग ते माझ्याखाली आडवे झाले आणि पेट्या उघडायच्या पट्टीने प्लग खरवडू लागले.

"तीस वर्षं ट्रक चालवला. शेवटी या शिलाई मशीनखाली लोळायचं होतं नशिबात!"

पण ताजे पेट्रोल? तेवढ्यात स्कूटरवरून एक मास्तर आले. शाळेच्या मैदानातले गवत कापायच्या यंत्रासाठी पाच लिटरचा कॅन घेऊन चालले होते. हौद्यातली गुणगुण ऐकून ते वीस पावलांवरच थांबले.

"चावतात का?"

"उघडल्या तर!" मावशी ओरडल्या. "मास्तर, कॅन द्या, नाहीतर मी एक पेटी उघडते!"

मास्तरांनी छत्रीच्या टोकाने कॅन पुढे ढकलला.

मिनिट सातवे

लागलो! तिसऱ्या दमाला लागलो!

मिनिट आठवे

पण खरे सांगायचे तर मी लहान आहे. भरल्या गाडीला चढावर जेवढी वीज लागते, तेवढी मी एकट्याने देऊ शकत नाही. बॅटरी तीस टक्के असतानाच मला हाक मारली असती, तर दोघांनी मिळून भार उचलला असता. सात टक्क्यांवर आम्ही रांगतच चढलो. एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकले आणि वर घंटी वाजवली.

"हस लेका," दादा पुटपुटले, "तुझ्या कॅरिअरवर ठेव बारा पेट्या, मग बघू."

बाराला दहा कमी असताना बाग आली. मावशींनी एकेक जाळी काढली. बावीस पेट्यांतून माश्या उसळल्या आणि पहिला डंख दादांच्या नाकावर बसला. उरलेल्या दोन शांत होत्या. एकीच्या तळाशी मेलेल्या माश्यांचा थर होता, ती मावशींनी हळूच बंद केली. दुसरीत राणी जिवंत सापडली.

मग मावशी हौद्याखाली वाकल्या. "शाबास रे," त्या म्हणाल्या. "चूक माझी होती."

मिनिट नववे

दारावरच्या रेघा पुसल्या गेल्या. मेस्त्रींनी माझ्याखाली रबराचे जाड तुकडे बसवले, आता मी पूर्वीइतका थरथरत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ताजे पेट्रोल आणि दहा मिनिटे. बाकीचे दिवस बॅटरीचे. माझी तक्रार नाही, मी रोज चाललो तर गाडीचे 'गुपचूप' नाव बदलावे लागेल.

मित्रांनो, तुमच्या घरातही अडीअडचणीसाठी ठेवलेले कुणीतरी असेल. कपाटातली टॉर्च. शाळेच्या भिंतीवरचे आग विझवायचे लाल नळकांडे. काम पडले की मगच ज्यांना आपण फोन करतो ते काका. त्यांची गरज नसेल तेव्हा त्यांची चौकशी करा. दहा मिनिटे पुरतात.

मिनिट दहावे

झाली वेळ. मावशी आल्या. पडद्यावर प्रश्न उमटला आहे: 'इंजिन बंद करू का?'

"चिमे, झाली की दहा मिनिटं," दादा म्हणतात. "माझा चहाही संपला."

"थांब रे. आज किती छान सुरात चाललंय."

आणि मावशींनी 'नंतर' दाबले.