मोठ्या चाकांचं डबडं

रिहे गावच्या भिवाजीनं लष्कराच्या लिलावातून जुनी मालाची मोटारगाडी आणली, तेव्हा अख्ख्या खोऱ्याला वाटलं, की हे पोरगं पलटणीत ड्रायव्हरकी करून आलं खरं, पण डोकं तिकडंच ठेवून आलं. गाडी लढाईच्या काळातली. रंग मातकट, दारं गायब, डोक्यावर ठिगळं लावलेली ताडपत्री. पण इंजिन म्हणाल तर खणखणीत! हँडलाचा एक झटका दिला की सुरू. भिवाजीच्या मते अशी गाडी मुळशी भागात दुसरी नव्हती. त्याच्या बापाच्या, गेणबाच्या मते ते डबडं होतं.

आता खरं बोलायचं तर म्हाताऱ्याचं तरी काय चुकत होतं? गाडी खिंडीच्या पलीकडं, पौडच्या अंगाला उभी होती आणि रिह्यात येतच नव्हती. खिंडीतून वाट एकच, तीही बैलगाड्यांची. आज्या-पणज्यांपासून लोखंडी धावांची चाकं त्याच दोन रेघांतून गेलेली. त्यामुळं चाकोऱ्या खोल गेल्या होत्या आणि मधे राहिला होता खडकाचा उंचवटा. बैलगाडीला त्याचं काय सोयरसुतक? तिची चाकं माणसाच्या छातीला लागतात. भिवाजीची गाडी मात्र चाकोरीत उतरली, की मागच्या आसाचा लोखंडी गोळा खडकावर टेकायचा आणि चाकं जागच्या जागी गरागरा फिरायची. मग बैल जुंपून गाडी मागं ओढायची. बैल कुणाचे? गेणबाचेच. गावानं हसू नये तर काय करावं!

शेवटी गेणबानं अंगणात बसून निकाल दिला. "बावधनच्या हैबतरावाची दगडाची खाण हाय. त्यो डबडं घ्याला तयार हाय. येत्या बाजारादिवशी पौडला त्येला शब्द देणार हाय म्या. त्येच्या आत भाताची एक खेप भरून खिंडीतनं पार करून दाव, मग ठिव तुझी गाडी. न्हाईतर गप नांगराला लाग."

नांगराचा भिवाजीला कंटाळा नव्हता, पण चाक हातात आलं की त्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. ती गाडी खाणीत दगड वाहताना बघायची म्हणजे जिवंतपणी मेल्यासारखंच. पण हे सगळं बापासमोर कोण बोलणार? तो एवढंच म्हणाला, "ठरलं, आबा." आणि उठला.

उपाय त्याला पाठ होता. आस वर उचलायचा तर चाक मोठं पाहिजे. नवे टायर घ्यायची ऐपत असती तर डोकं चालवायची गरज पडली नसती. ऐपत नसली की मग डोकं चालतं. खडकीला एका गोदामात त्याच्या पलटणीतला ओळखीचा माणूस होता. तिथं जड गाड्यांचे काढून टाकलेले टायर पडले होते. मधलं भोक त्याच्या रिंगांना बसेल एवढंच, पण अंगानं दांडगे, वर ढेकळासारख्या नक्षीचे. घरचा आंबेमोहोर आणि गोड बोलणं यांच्या बदल्यात भिवाजीनं त्यातले चार निवडले. एकाला आडवा काप गेला होता. "ह्यो कशाला घेतोस?" गोदामवाल्यानं विचारलं. भिवाजी म्हणाला, "आतनं जुन्या टायरचा तुकडा लावीन. ठिगळ लावलेलं धोतर नेसत न्हाईत व्हय लोक?"

टायर एका लॉरीवाल्यानं पिरंगुटपर्यंत टाकले. तिथून ते गाडीपाशी आणायला बिरू धनगर आला. बिरूचा वाडा खिंडीच्या खालीच असायचा, मेंढरं वरच्या माळावर. भिवाजीच्या गाडीवर विश्वास असलेला खोऱ्यातला तो एकटाच माणूस, आणि तोही का, तर गाडीचा आवाज आला की लांडगा फिरकत नाही म्हणून! दोघांनी टायर गडगडवत आणले. पहारीनं जुने उचकटले, नवे चढवले आणि हातपंपानं हवा मारायला बसले. भिवाजी घामानं निथळला. बिरू मात्र पंप मारता मारता मेंढरांना शिट्ट्याही घालत होता.

चाकं चढली आणि स्टेअरिंग वळवलं, तर पुढचा टायर वरच्या पत्र्याला घासायला लागला. भिवाजीनं जराही वेळ न घालवता छिन्नी-हातोडा घेतला आणि पत्र्याची कड कापायला बसला. भाकरी घेऊन आलेली त्याची बायको सारजाबाई बघतच राहिली.

"अवं, नव्या नवरीला पायात जोडवी घालायची म्हणून तिचं कान कापताय व्हय?"

"कान न्हाई गं, पदर आखूड करतोय. पायात येत हुता."

मागच्या बाजूला त्यानं स्प्रिंगच्या कमानीत मोडक्या गाडीचा एक पाटा जास्तीचा घातला, म्हणजे माल भरायचा हौदा जरा वर उचलला जाईल. मग हँडल मारलं, बिरूला शेजारी बसवलं आणि रिकामी गाडी खिंडीत घातली. चाकं चाकोरीत उतरली. दोघांनी श्वास धरला. आसाचा गोळा खडकाच्या वरून, हातभर नव्हे पण चार बोटं मोकळा, निघून गेला. बिरूनं अशी आरोळी ठोकली की वरच्या माळावरची मेंढरं पांगली.

गाडी रिह्यात शिरली तेव्हा गाव गोळा झालं. सारजाबाईनं बॉनेटला हळदकुंकू लावलं. गेणबा ओट्यावरून उठलाही नाही. "रिकामं डबडं काय, वाऱ्यानं बी जातंय," तो म्हणाला.

बाजारादिवशी सकाळी भात भरायची वेळ आली आणि आता मात्र गेणबा उठला. कारण भरणं हे त्याचं काम. बैलगाडी भरावी तर गेणबानं, हे शेजारच्या चांदे गावापर्यंत लोक मान्य करायचे. त्याची गाडी कधी बैलांच्या मानेवर दाबली नाही आणि कधी मागं उलटलीही नाही. पोती रचून झाली की तो जुवाखाली हात घालून बघायचा. जू मानेवर ओझं न घालता नुसतं टेकलं पाहिजे, असा त्याचा हिशेब. मुक्या जनावराची मान सोलली की म्हाताऱ्याला रात्री जेवण जात नसे. पोराच्या गाडीवर त्याचा विश्वास नव्हता, पण भात घरचा होता आणि घरचा भात दुसऱ्या कुणी रचलेला त्याला चालणार नव्हता.

तो हौद्यात चढला आणि हुकूम सोडायला लागला. "मागं घ्या! आणिक मागं! मागला फळका पाडा, त्येच्यावर बी रचा!" भिवाजी तेव्हा गाडीखाली आडवा पडून नट आवळत होता. आणि बाहेर असता तरी काय बोलला असता? लहानपणापासून त्यानं गाडी अशीच भरलेली बघितली होती. गावातली झाडून सगळी माणसं तशीच भरायची. कुणाला खटकलं नाही.

गाडी निघाली. मागनं गेणबा, बिरू आणि निम्मा गाव चालत. सपाटीला ठीक होतं. खिंडीचा चढ लागला आणि मागनं कर्रर्र आवाज आला. मग जळक्या रबराचा वास. मग धूर. भिवाजीनं गाडी थांबवली, चाकाखाली दगड लावून घेतले आणि उतरून बघितलं. मागचे दोन्ही टायर हौद्याच्या तळाला घासून काळे पडले होते.

झालं! लोकांना तेवढंच पाहिजे होतं. "घोड्याची नाल बैलाला बसती व्हय?" एक म्हणाला. "टायर लई मोठं झालं," दुसरा म्हणाला. "कापा अजून पत्रा, सगळी गाडीच कापा!" तिसरा म्हणाला आणि हशा पिकला. गेणबा हसला नाही. पौडच्या दिशेनं बघत म्हणाला, "हैबतराव आला असंल. जाऊन सांगतो त्येला, हितनंच घेऊन जा म्हणून."

भिवाजीचे कान तापले. एक मिनिट त्याला खरंच वाटलं, संपलं आपलं. पण इतकी मेहनत केलेला माणूस इतक्या लवकर संपत नसतो. तो चढावरचा प्रवास मनातल्या मनात पुन्हा करू लागला. आवाज मागनं आला होता, पण त्याच्या आधी काहीतरी झालं होतं. काय झालं होतं? स्टेअरिंग! चढाला लागल्यावर स्टेअरिंग एकदम हलकं झालं होतं, पुढच्या चाकांखाली जमीनच नसल्यासारखं. तो लांब जाऊन गाडीकडं आडवा उभा राहिला. गाडी मागच्या पायांवर बसलेल्या कुत्र्यासारखी दिसत होती. ढुंगण खाली, नाक आभाळात.

आणि त्याला उमगलं. टायरचा दोष नव्हता. दोष बापाच्या हाताचा होता. आता हे सांगायचं कसं? निम्म्या गावासमोर, ज्या माणसाला उभ्या जन्मात कुणी भरण्यातली चूक दाखवली नाही, त्याला? पण न सांगावं तर गाडी जाते. भिवाजीनं घसा साफ केला.

"आबा, थांबा. टायर बराबर हायेत. भरलंय चुकीचं."

बिरूनं जीभ चावली.

"काय म्हणालास?" गेणबा वळला. "मला भराय शिकवतोस? तू पाळण्यात हुतास तवापासनं भरतोय म्या!"

"बैलगाडी तुमच्यासारखी कुणी भरणार न्हाई, आबा. म्या बी न्हाई. पर तुमी सगळं वजन मागल्या आसावर तोललंय, निम्मं तर त्येच्या बी मागं. का? तर पुढं भार पडू नये म्हणून. पर पुढं बैल कुटं हायेत? मान कुणाची वाचवायची?"

"इंजन हाय की पुढं! वडायचं त्येनंच ना? त्येच्यावर भार कशाला?"

"त्येला मान न्हाई, आबा. त्येला भार लागतो. पुढल्या चाकांवर वजन न्हाई तर ती जमीन धरत न्हाईत, आन मागली दबून घासत्यात. हात लावून बघा तुमीच."

गेणबा गाडीच्या पुढं गेला. वाकला. दोन्ही हात बंपरखाली घातले, जुवाखाली घालायचा तसेच, आणि वर दाब दिला. जड लोखंडी गाडी उचलणं कुणाच्या बापाच्यानं होतंय? पण नाक कमानीवर सहज वर झालं, खाली बसलं, पुन्हा वर झालं. म्हातारा ताडकन् उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि तो राग होता की लाज, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

"आरं, उलाळ झालीया की ही!" तो ओरडला. उलाळ म्हणजे मागं भार होऊन जू वर उचललं जाणं. गाडीवानाला याच्यापेक्षा मोठी शरमेची गोष्ट नाही. "तोंडं काय बघताय? चढा वर! फळक्यावरची पोती काढा! म्होरं रचा, पार म्होरं, इंजनाच्या पाठीला लावून!"

आणि स्वतः हौद्यात चढला. त्या वयात पोती ओढायला लागला. बिरू खांद्यावर घेऊन देत होता आणि गेणबा रचत होता, पहिल्यापेक्षा घट्ट, पहिल्यापेक्षा नेटकं. शेवटी तो खाली उतरला, मागला टायर आणि हौदा यांच्यामधे आपली मूठ घातली, उभी, मग आडवी. मूठ फिरली.

"आता हाण," तो म्हणाला आणि भिवाजीच्या शेजारच्या जागेवर चढून बसला. "म्होरं वजन पायजे ना? मग हितं बसतो म्या."

गाडी हलली. चढ आला, चाकोरी आली, खडक आला. मोठी चाकं दगडावर दात रोवून वर गेली. ना आवाज, ना वास. वरच्या वळणावर भिवाजीनं तिरक्या नजरेनं बघितलं, तर म्हातारा दोन्ही हातांनी समोरची दांडी धरून ओठातल्या ओठात "हुर्र, हुर्र" करत होता, बैलांना करतात तसं. भिवाजीला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्यानं दोन्ही गिळलं आणि गिअर बदलला.

पौडला हैबतराव धोतराचा सोगा सावरत पुढं आला. त्यानं गाडीभोवती चक्कर मारली, टायरला बुटाची लाथ मारून बघितली, मग पोत्यांकडं बघून मान डोलावली. "वा! भरावं तर गेणबानंच! काय रचलंय! बोला, कधी नेऊ गाडी?"

बाजारची माणसं गोळा झाली होती. चांद्याची होती, रिह्याचीही होती. गेणबा सावकाश खाली उतरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"म्या चुकीचं भरलं हुतं, हैबतराव. पोरानं दुरुस्त केलं. त्येची गाडी हाय, त्येला इचारा."