डबा बंद कराचा नाई

वर्षालीच्या कंपनीचं खोकं पुण्याहून वडनेरच्या घरी पोचलं, तेव्हा मनकर्णाबाईंना वाटलं सुनेनं नवा इन्व्हर्टर मागवला. आतून निघाला एक काळा, चपटा लोखंडी डबा. वर्षालीनं मधल्या खोलीत बियाण्याच्या पिशव्या बाजूला सारून तो टेबलावर मांडला आणि बटण दाबलं. त्याचे चार पंखे एकदम असे ओरडले की ओसरीवर टेकलेले तिचे सासरे अण्णाजी उठून आत आले.

"काय आहे वं हे? थ्रेशर आणलं का घरात?"

"रूटर आहे मामाजी. मोठमोठ्या ऑफिसात इंटरनेट वाटते हा. आता नऊ दिवस याले बंद कराचं नाई. एक मिनिट पण नाई."

"बिघडला आहे का?"

"नाई. नवव्या दिवशी बिघडते. तेच पाहाचं आहे."

अण्णाजींनी बायकोकडे पाहिलं. सुनेची नोकरी चांगली आहे असं ते सगळ्या गावाला सांगत. नोकरीत नेमकं काय करतात हे आज पहिल्यांदाच कानावर आलं होतं.

खरी गोष्ट अशी होती. या रूटरमध्ये एक चिप होती. येणारी-जाणारी माहितीची पॅकेट घटकाभर ठेवायला तिला मेमरी लागे. त्यातली जागा कुठल्या पॅकेटला द्यायची, परत कधी घ्यायची, हे सगळं चिप स्वतःच बघे. वर्षालीच्या सॉफ्टवेअरनं दर पोर्टामागे, म्हणजे केबल लावायच्या प्रत्येक खोबणीमागे, तिला एकदाच मेमरीचा मोठा तुकडा काढून द्यायचा, एवढंच. अट एकच, की तुकडा सलग हवा. रूटर नुकताच सुरू झालेला असला की असा तुकडा सहज मिळे. पण तो आठ-नऊ दिवस चालला आणि मग कुणी नवा पोर्ट सुरू करायला गेलं, की मिळायचाच नाही. पोर्ट मेल्यासारखा पडून राही. तीन ग्राहकांनी हीच तक्रार केली होती.

वर्षाली घरूनच काम करी, तिचा साहेब नागेश पुण्यात बसे. त्याला हे पटत नव्हतं. "निम्मी मेमरी रिकामी दिसतेय आणि तू म्हणतेस जागा नाही! तुझ्याच कोडमध्ये काहीतरी गडबड आहे." रूटर सुरू होतानाच सगळ्या पोर्टांपुरती सलग जागा राखून ठेवावी, असं तिचं म्हणणं होतं. त्यावर तो म्हणे, "जे पोर्ट वापरातच नाहीत त्यांच्यासाठी मेमरी अडवायची? आधी बिघाड डोळ्यांनी दाखव." आणि ऑफिसात बिघाड काही दिसेना, कारण तिथले सगळे रूटर दर सोमवारी कुणीतरी इमानदारीनं रीस्टार्ट करत असे. म्हणून डबा वडनेरला आला.

वर्षालीनं घरातलं सगळं इंटरनेट त्या डब्यातून फिरवलं आणि घरच्यांना बजावलं, "खूप वापरा. जेवढं वापरसान तेवढं माझं काम लवकर होईन."

असं ऑफिसचं काम मनकर्णाबाईंना कधीच मिळालं नव्हतं. त्या सकाळपासून मालिका लावून बसू लागल्या. अण्णाजी कापसाच्या भावाचे व्हिडिओ बघू लागले, एकच व्हिडिओ तीन-तीनदा.

पाचव्या दिवशी मनकर्णाबाईंना ठेचा वाटायचा होता. स्वयंपाकघरातला प्लग ढिला झालेला. त्यांनी मिक्सर उचलून मधल्या खोलीत आणला, डब्याची पिन काढली, ठेचा वाटला आणि पिन परत जशीच्या तशी लावून दिली.

"पण मी लावली ना वापस!" त्या म्हणाल्या.

"आई, पुन्हा पह्यल्यापासून मोजा लागते."

दुसऱ्या खेपेला सातव्या दिवशी दुपारी लाइट गेली. डबा इन्व्हर्टरवर होता, अडीच तास निघाले असते. पण टीव्हीही इन्व्हर्टरवर होता आणि मनकर्णाबाई मन लावून ऑफिसचं काम करत होत्या. पाऊण तासात दोन्ही बंद.

वर्षाली टेबलापाशी डोकं धरून बसली. अण्णाजी शेजारी येऊन टेकले.

"मले एक सांग. निम्मी जागा खाली आहे म्हणते तू. मंग काऊन नाई भेटत?"

वर्षालीनं विचार केला. "लग्नातली पंगत पाहा मामाजी. दोनशे पानं मांडली. लोक येऊन राह्यले, जेवून उठून राह्यले. थोड्या वेळानं शंभर पानं खाली आहेत, पण कुठं एक, कुठं दोन. तितक्यात व्याह्याकडचे चाळीस जण आले. त्यायले एकाच ओळीत बसाचं आहे."

"मंग इकडे-तिकडे बसवा."

"नाई जमत. त्यायचा वाढपी डोळ्यावर पट्टी बांधून आहे. त्याले फक्त पह्यलं पान दाखवाचं अन् चाळीस म्हणाचं. तो सरळ वाढत जाते. मधात दुसरं कोणी बसलं असन तर त्याच्याच पानात वाढते."

"बसलेल्याले सरकवा."

"सगळे नाई सरकत. कोणी कोणी तर उठतच नाई."

अण्णाजींच्या डोळ्यांपुढे बहुधा कुणीतरी नातेवाईक आला, कारण त्यांनी मोठ्यांदा हुंकार भरला. "मंग व्याह्याची ओळ आधीच रोखून ठेवाव. पंगत सुरू व्हाच्या पह्यले."

"दोन महिन्यांपासून मी तेच सांगून राह्यली मामाजी! साहेब म्हणते, खाली पानं वाया जातात."

"त्यानं पोरीचं लग्न केलं नसन," अण्णाजी म्हणाले आणि उठून थेट ट्रॅक्टरकडे गेले.

संध्याकाळी वर्षालीचा नवरा गोपाल हिंगणघाटहून आला. तिथल्या एका कापड गिरणीत तो इलेक्ट्रिकचा सुपरवायझर होता. बघतो तर अण्णाजींनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून खोलीत आणून ठेवलेली. त्यानं ती इन्व्हर्टरला जोडली, डब्याच्या पिनेला चिकटपट्टीचे सात वेढे दिले आणि वर पुठ्ठा लटकावला: डबा बंद कराचा नाई. हुकमावरून. कुणाचा हुकूम ते लिहिलं नव्हतं, त्यामुळे जरब जास्त बसली.

ट्रॅक्टर नऊ दिवस उभा राहिला. मिक्सरला खोलीत यायची बंदी झाली. शेजारच्या सीताबाई येऊन रोज विचारायच्या, "कितवा दिवस?" आणि बसून थोडं इंटरनेट वापरून जायच्या.

नवव्या दिवशी सकाळी अकराला वर्षालीनं नागेशला व्हिडिओ कॉल लावला. घरचे तिघं आणि सीताबाई कॅमेऱ्याच्या बाहेर भिंतीला टेकून बसले. गोपालनं त्यासाठी सुट्टी टाकली होती.

"सर, रिकामी मेमरी बावन्न टक्के. आता नवा पोर्ट सुरू करते."

तिनं बटण दाबलं. पडद्यावर लाल ओळ उमटली.

"झालं! बिघडलं! बिघडलं!" अण्णाजींनी टाळ्या पिटल्या. सीताबाईंनी मनकर्णाबाईंना मिठी मारली. गोपालनं शिटी वाजवली.

"काय झालं? कुणी पडलं का?" नागेश घाबरून खुर्चीतून उठला.

"नाही सर. पोर्ट सुरू झाला नाही, म्हणून घरचे खूश झालेत."

नागेशनं ते आकडे दोनदा वाचून घेतले. मग चाचरत म्हणाला, "पण राखून ठेवलेली मेमरी वाया..."

तेवढ्यात मनकर्णाबाई पदर सावरत कॅमेऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "साहेब, मी वर्षालीची सासू. तुम्ही लग्नात कधी पंगत वाढली का?"

"नाही... म्हणजे, जेवलोय."

"तेच! जेवणाऱ्याले खाली पान वाया गेल्यासारखं दिसते. व्याही ताटकळत उभा राह्यला म्हणजे समजते. आमचा ट्रॅक्टर नऊ दिवसांपासून उभा आहे, साहेब. आता तरी पोरीचं ऐका."

ट्रॅक्टरचा काय संबंध हे नागेशला कळलं नाही. पण तो हसला. "वर्षाली, तुझा कोड पाठव. आज बघतो."

वर्षालीनं कॅमेरा बंद केला आणि मग कुठे डोळे पुसले. दोन महिने नागेश तिचीच चूक म्हणत होता, आणि मधूनमधून तिलाही तसंच वाटू लागलं होतं.

नवं सॉफ्टवेअर टाकून पुन्हा नऊ दिवस डबा चालवावा लागला. या वेळी नवव्या दिवशी सीताबाई आणखी चौघींना घेऊन आल्या. वर्षालीनं बटण दाबलं. हिरवी ओळ आली. पोर्ट सुरू झाला.

सगळ्या वाट बघत राहिल्या.

"मंग?" सीताबाईंनी विचारलं. "बिघडलं नाई का?"

"नाई. आता नाई बिघडत."

"अवो माय! अन् मी भाजी अर्धी चिरून टाकून आली."

बायका हिरमुसून चहा पिऊन गेल्या. दुपारी गोपालनं चिकटपट्टी सोडवली, बॅटरी ट्रॅक्टरला गेली आणि वर्षालीनं डबा बंद केला. पंखे थांबले, तसं घर एकदम गप्प झालं. पण महिनाभर सगळ्यांना पंख्यांच्या वर आवाज चढवून बोलायची सवय लागलेली. अण्णाजी समोरच बसलेल्या बायकोवर गरजले, "पाणी देजो!" त्या तिकडून तितक्याच जोरात ओरडल्या, "उठून घ्या ना!"

कुंपणापलीकडून सीताबाई धावत आल्या. "काय झालं वं? भांडण झालं का?"