दोन चमचे, दोन वेळा

"मास्तर, गाडी जुपलेली हाय. नांदेडच्या दवाखान्यात नेऊ का ह्या बाटलीनंच भागंल, तेवढं वाचून सांगा," ग्यानबा म्हणाला आणि त्याने वसमतच्या बाजारातून आणलेली औषधाची बाटली माझ्या हातात दिली. त्याची बायको शकुबाई बाळंत होऊन बारा दिवस झाले होते आणि ताप उतरत नव्हता.

आमच्या कुरुंदा गावात इंग्रजी वाचणारा मी एकटा. निजामाच्या राज्यात सगळे कागद उर्दूत. माझ्या इंग्रजीला विचारतो कोण? त्यामुळे कुणी इंग्रजी चिठोरे आणले की मला मूठभर मांस चढायचे. बाटलीवर ठळक अक्षरांत होते, 'इन्व्हिगरेट्स'.

मग काय, मी सुटलोच. म्हणालो, हे क्रियापद. अंगात जोम भरणे, थकल्याला ताजे करणे. थंड वाऱ्यालाही लावतात, चांगल्या भाषणालाही लावतात. "आणि कुणाला तरी जोम दिल्याशिवाय हे क्रियापद पुरंच होत नाही, ग्यानबा!"

"मंग शकूला देईल म्हना की."

आतून माझी बायको कालिंदी खोकत खोकत म्हणाली, "अहो, जुंपलेली गाडी कशाला सोडवता? जाऊ द्या त्याला."

मी ऐकले न ऐकल्यासारखे केले. "देईल. दोन चमचे, दोन वेळा."

त्याने बैल सोडले. त्याची शेतातून काढलेली हळद शिजवायची राहिली होती, त्यालाही ते बरेच वाटले. मी दिवसभर खुशीत होतो.

चौथ्या दिवशी शकुबाई गेली.

तेरावे झाल्यावर ग्यानबा आला. लेकरू शेजारची भिकाबाई अंगावर पाजत होती, एवढे त्याने सांगितले. मग उपरण्यातून तीच बाटली काढून त्याने माझ्यापुढे ठेवली. मी चष्मा लावला. ठळक शब्दाखाली बारीक ओळ होती: अंगात ताप असताना देऊ नये, डॉक्टरला दाखवावे. ही ओळ मला त्या दिवशीही वाचता आली असती. मी वाचलीच नव्हती.

"ग्यानबा, अरे, माझ्या हातून..."

"तुमी काहून मनाला लावून घेता? औषध चांगलंच हाय. तिचं आयुष्यच तेवढं." तो उठला. आत कालिंदी खोकत होती. "अर्धी उरलीय. बाईंला द्या. लई थकल्यात."

मी बाटली दोन्ही हातांनी घेतली.

"दोन चमचे, दोन वेळा," पायरी उतरताना त्याने मला बजावले.